उणिवांच्या रकान्यातलं वाक्य

मुख्याध्यापिकांनी मला खोलीत बोलावलं, दार लावून घेतलं आणि एक छापील फॉर्म हातात दिला, तेव्हाच मी ओळखलं की कोणाची तरी नोकरी टांगणीला लागली आहे आणि दोरी माझ्या हातात दिली जाते आहे.

"संगणकाच्या नवीन बाई," त्या म्हणाल्या. "नववीच्या तासाला सहा आठवडे मागच्या बाकावर बसा. काय शिकवतात ते बघा आणि लिहून द्या."

"मी गणिताचा मास्तर. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"मुलांनाही कळत नाही. शिवाय तुम्हाला खोटं कौतुक करता येत नाही, हे सगळ्या शाळेला माहीत आहे."

हे मात्र खरं. एकतीस वर्षं मी गणित शिकवतोय. मुलं माझ्या माघारी मला कर्कटक म्हणतात. टोकदार आणि पेटीत ठेवलेलं बरं, असा त्याचा अर्थ असावा. मला राग येत नाही. फळ्यावर एखाद्यानं चुकीची पायरी लिहिली की दोन मिनिटांच्या आत मी खडू हिसकावून ती बरोबर करतो, आणि ह्याला शिकवणं म्हणतात अशी माझी पक्की समजूत होती.

मुख्याध्यापिकांनी पुढचं सांगितलं. पालकांच्या तक्रारी होत्या. महिना होत आला तरी मुलांनी संगणक चालू केलेला नाही, तासाला नुसते खेळ चालतात. संचालक मंडळाला संगणकाची खोली टेबल टेनिससाठी हवीच होती. सहा आठवड्यांनी मुलांनी शाळेत कोणाच्या तरी खरोखर उपयोगी पडेल असा एक प्रोग्रॅम करून दाखवायचा. तो चालला आणि माझा अहवाल बरा असला, तर विषय राहणार. नाहीतर विषय बंद, आणि बाईंनी दुसरीकडे नोकरी बघायची.

"बाईंना माहीत आहे हे?"

"मीच सांगितलंय. त्या 'बरं' म्हणाल्या."

पहिल्या दिवशी मी मागच्या बाकावर फॉर्म उघडून बसलो. फॉर्मवर दोन रकाने होते, गुण आणि उणिवा. मी लाल पेन घेऊन गेलो होतो, ह्यावरूनच माझा कल कळावा.

नवीन बाई चाळिशीच्या असतील. दहा-बारा वर्षं कुठल्याशा कंपनीत प्रोग्रॅम लिहून मग ह्या धंद्यात आलेल्या. आवाज बारीक, अंगात खिसेवाला सैल कोट, खिशात सदा पाकिटं. पत्र घालायची साधी पांढरी पाकिटं. संगणकांवर कापडी आवरणं तशीच होती. सगळे 'लांब्या' म्हणतात त्या उंच मुलाला त्यांनी पुढे बोलावलं.

"तू पंखा. तुला तीनच गोष्टी येतात. चालू होणं, बंद होणं आणि एक घर जोरात फिरणं. तुझा आत्ताचा वेग ह्या चिठ्ठीवर लिही आणि पाकिटात घालून खिशात ठेव. पाकिटात दुसऱ्या कोणी हात घालायचा नाही. तुझा वेग हवा असेल तर तुला विचारायचं."

मुलं खिदळली. लांब्या हात पसरून गरगर फिरला. "जोरात!" कोणीतरी ओरडलं, त्यानं चिठ्ठी काढून दोनचे तीन केले आणि अधिक जोरात फिरला. मग एक वात्रट म्हणाला, "पंख्या, गाणं म्हण!" लांब्यानं लगेच तान घेतली.

"थांब," बाई म्हणाल्या. "पंख्याला गाणं येतं?"

"नाही."

"मग काय म्हणायचं?"

लांब्या विचारात पडला. "मला हे येत नाही?"

"शाबास! खणखणीत म्हण. आपला प्रोग्रॅमही असंच म्हणेल. त्यात लाजायचं काय?"

मग अख्खा वर्ग वस्तू झाला. कोणी दिवा, कोणी लिफ्ट, कोणी गजराचं घड्याळ. एकमेकांना भलत्याच फर्मायशी करायच्या आणि समोरच्यानं छाती काढून "मला हे येत नाही" म्हणायचं, ह्यात त्यांना काय ब्रह्मानंद मिळत होता! माझ्या तासाला हेच वाक्य मी हजारदा ऐकलंय, पण ते नेहमी बुटांकडे बघून म्हटलेलं असतं.

त्यातल्या एका मुलीकडे माझं लक्ष गेलं. हिला गेली तीन वर्षं मी गणित शिकवत होतो. हिच्या उत्तरपत्रिकेत दोन-तीन ओळी असायच्या आणि खाली सगळं मोकळं. एकदा भर वर्गात मी हिला 'कोरी पाटी' म्हणालो होतो, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच. ती लिफ्ट झाली होती. कोणीतरी तिला चहा मागितला. "मला हे येत नाही," ती म्हणाली, इतक्या मोठ्यानं की मी लिहायचा थांबलो.

त्या आठवड्यात मी उणिवांच्या रकान्यात चार गोष्टी लिहिल्या. सगळ्यात वर, लाल शाईनं, खाली रेघ मारून लिहिलं: 'शिक्षिका मुलांची एकही चूक स्वतः दुरुस्त करत नाहीत.' आणि हे अगदी अक्षरशः खरं होतं. मूल चुकलं की बाई म्हणायच्या, "असं? बरं, मग पुढे काय होईल ते बघू." आणि खरंच बघत बसायच्या. माझे हात शिवशिवायचे.

दुसऱ्या आठवड्यात मी तो फॉर्म बाकावरच विसरलो. बाई तो घेऊन माझ्यामागे जिन्यापर्यंत आल्या. "सर, तुमचा कागद राहिला." कागद उघडाच होता, लाल ओळ वर. त्यांनी ती वाचली नसेल असं शक्यच नव्हतं. मी ओशाळलो, आणि ओशाळलो की मला राग येतो, म्हणून 'आभारी' एवढंच म्हणून तरातरा उतरलो.

घरी बायकोला हे सांगितलं. ती बटण शिवायला बसली होती. "चुका सोडून देते ती बाई," मी म्हणालो, "आणि पगार घेते शिकवण्याचा."

बायको सुईत दोरा ओवत होती. दोनदा चुकला. मी हात पुढे करून सुई घेतली आणि ओवून दिली.

"मी मागितली होती?" ती म्हणाली.

"तुला जमत नव्हतं."

"तिसऱ्यांदा जमलं असतं. एकतीस वर्षं बिचारी पोरं कशी बसत असतील तुमच्या समोर, देव जाणे."

बटणही तिनं मला लावू दिलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात आवरणं निघाली. आणि इथे मला पहिल्यांदा वाटलं की ह्या बाईंना काहीतरी ठाऊक आहे, जे मला ठाऊक नाही. कारण मुलं बसली आणि लिहू लागली. मी संगणकाचे तास आधीही पाहिले होते. मुलं फळ्यावरचं बघून टाइप करतात आणि एक टिंब राहिलं की रडकुंडीला येतात. इथे तसं नव्हतं. बाईंनी दाराला एक मोठा कागद लावला होता आणि त्याला त्या 'साचा' म्हणायच्या. वस्तूजवळ काय काय असणार आणि तिला काय काय येणार, हे त्यावर. त्यातच एक चौकट होती, 'जन्म'. नवी वस्तू जन्मली की चौकटीतल्या प्रत्येक ओळीसाठी तिला स्वतःचं पाकीट मिळायचं. साचा एक, वस्तू हव्या तितक्या. हे मुलं इतक्यांदा अंगानं खेळली होती की लिहिताना ते त्यांना नवं वाटलंच नाही. मीही वहीत उतरवून घेऊ लागलो. लपूनछपून, पण घेऊ लागलो.

प्रोग्रॅम कोणासाठी करायचा हे मुलांनीच ठरवलं. शाळेच्या स्वयंपाकघरातल्या मावशींसाठी. जेवायला तीनशेबारा माणसं, त्यात कोणाला शेंगदाणा चालत नाही, कोणाला दूध, कोणाला अंडं. मावशींची ही सगळी माहिती भिंतीवरच्या एका तेलकट तक्त्यावर आणि त्यांच्या डोक्यात होती. "मी आजारी पडले तर कोणाला विचारणार?" त्या म्हणायच्या. मुलांनी 'जेवणारा' नावाचा साचा केला. प्रत्येकाचं नाव, इयत्ता आणि 'चालत नाही' अशी एक यादी. नाव विचारलं की यादी सांगायची. बस.

दाखवायच्या आदल्या दुपारी मी काहीतरी निमित्त काढून संगणकाच्या खोलीत डोकावलो. बाई एकट्याच होत्या, मुलांचा प्रोग्रॅम चालवून बघत होत्या. मुलांनी तोवर एकेकच माणूस घालून पाहिला होता आणि सगळं छान चाललं होतं. बाईंनी दोन घातले. एकाला दूध चालत नाही असं सांगितलं. दुसऱ्याला विचारलं. पडद्यावर आलं: दूध.

त्या मग गालात हसल्या आणि संगणक बंद केला.

"अहो, चुकलंय!" मी म्हणालो.

"हो ना. किती सुंदर चूक आहे."

"कुठे आहे कळलं तुम्हाला?"

"कळलं. एका ओळीची जागा बदलली की झालं."

"मग बदला! उद्या मुख्याध्यापिका येणार आहेत. तुमची नोकरी आहे त्यात."

"माझी नोकरी आहे सर, पण प्रोग्रॅम त्यांचा आहे," बाई म्हणाल्या. आवाज बारीकच होता. त्यांनी किल्ल्यांचा जुडगा उचलला. "मी आज गुपचूप बदललं, तर उद्या तो चालेल. पण मग तो का चालतो, हे त्यांना कधीच कळणार नाही. तुम्हीही सांगू नका. मला शब्द द्या."

मी शब्द दिला. घरी येऊन वही काढली आणि माझा मीच ती ओळ शोधली. जेवण गार होईपर्यंत वेळ लागला, पण सापडली.

दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापिका पुढच्या खुर्चीत बसल्या. मावशी हात पुसत आल्या. मुलांनी सकाळपासून तक्ता समोर ठेवून तीनशेबारा नावं घातली होती.

"सहावीतल्या जुळ्यांचं विचारा," मावशी म्हणाल्या. "धाकटीला दूध चालत नाही, थोरली सगळं खाते."

पडद्यावर धाकटीची यादी आली. दूध, शेंगदाणे, अंडी, तीळ, मासे, गहू, आणखी कायकाय. थोरलीची आली. तीच. लांब्याची विचारली, तीच.

"माझं बघा," मुख्याध्यापिका म्हणाल्या. त्याही शाळेतच जेवतात. पडदा म्हणाला, ह्यांना काहीच चालत नाही. "अहो, मी कालच अंडं खाल्लं!"

"म्हणजे उद्यापासून अख्ख्या शाळेला उपाशी ठेवू का?" मावशी म्हणाल्या.

कोणी हसलं नाही. मुलांच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मुख्याध्यापिकांनी घड्याळ पाहिलं. "घंटेला बावीस मिनिटं आहेत. तोवर मी थांबते. नंतर मला मंडळाला कळवायचं आहे."

एकानं घाईघाईनं सगळी नावं पुसायला घेतली. "कीबोर्डवरून हात काढा," बाई म्हणाल्या. "उठा. वस्तू व्हा."

बाकं सरकली. पाकिटं वाटली गेली. एक धाकटी झाली, एक थोरली, लांब्या लांब्याच. धाकटीला सांगितलं, तुला दूध चालत नाही. तिनं चिठ्ठी लिहून पाकिटात घातली. थोरलीला विचारलं. तिनं पाकीट उघडलं. रिकामं. म्हणजे बरोबर! पुन्हा खेळले, पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदाही बरोबर. खेळात चूक सापडेना आणि पडद्यावरून हलेना. एक मुलगी मुसमुसायला लागली. नऊ मिनिटं उरली.

मला काय होत होतं ते सांगतो. ज्या बाईंना घरी बसवायला मी लाल पेन घेऊन आलो होतो, त्या बाईंसाठी माझा जीव खालीवर होत होता. ओळ मला माहीत होती. चार शब्द बोललो असतो तर संपलं असतं. मी उठलो, तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक, पण नजर ढळली नाही.

"सर, विचारायचं असेल तर विचारा," त्या म्हणाल्या.

विचारायचं काय? एकतीस वर्षांत मी मुलांना फक्त असे प्रश्न विचारले होते, ज्यांची उत्तरं मला माहीत होती. मी आजूबाजूला पाहिलं. सगळे दाटीवाटीनं खेळत होते, एक सोडून. कोरी पाटी खिडकीपाशी उभी राहून प्रोग्रॅमचा छापलेला कागद वाचत होती. एकेका ओळीखाली बोट ठेवून.

"तुला काय दिसतंय गं?" मी विचारलं. खरंच मला माहीत नव्हतं ती काय म्हणेल.

तिनं आधी बुटांकडे पाहिलं. मग वर पाहिलं.

"सर, आपण चुकीचं खेळतोय. आपल्याला जसं हवंय तसं खेळतोय. इथे जसं लिहिलंय तसं कोणी खेळतच नाहीये."

"म्हणजे?" लांब्या म्हणाला.

"मी वाचते. तुम्ही तेवढंच करा. स्वतःच्या डोक्यातलं काही घालायचं नाही." ती दाराशी गेली आणि एकेक ओळ वाचू लागली. "चालत नाही, रिकामी यादी. ही ओळ जन्माच्या आत नाहीये, बाहेर आहे. म्हणजे हे पाकीट कोणाचं? कोणाचंच नाही. साच्याचंच." तिनं एक रिकामं पाकीट दारावरच्या कागदाला टाचणीनं लावलं. "आता जन्म. नाव, पाकिटात. इयत्ता, पाकिटात. झालं. यादी तुमच्याकडे आलीच नाही. धाकटे, तुला दूध चालत नाही. कुठे लिहिशील?"

धाकटी झालेल्या मुलीनं स्वतःची पाकिटं चाचपली आणि दारापर्यंत चालत गेली. दारावरच्या पाकिटात तिनं चिठ्ठी घातली. थोरलीला विचारलं, तीही दाराशीच आली. लांब्याही आला. तिघं एकाच पाकिटात हात घालून उभे राहिले, आणि मग जो काही गलका झाला तो खालच्या मजल्यावर ऐकू गेला असेल.

ओळ जन्माच्या आत सरकवायला अर्धं मिनिट लागलं. ती तिनंच सरकवली आणि साठवलेली नावं प्रोग्रॅमला पुन्हा वाचायला लावली. धाकटीला दूध. थोरलीला काही नाही. मुख्याध्यापिकांनी अंड्याची खात्री करून घेतली. मावशींनी वेगवेगळी वीस नावं विचारली, वीसही बरोबर आली. "आता पडते मी आजारी," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. घंटा झाली तेव्हा कोणी जागचं हललं नाही.

बाई टेबलाला टेकून उभ्या होत्या. मी खुर्ची पुढे करणार होतो, मग आधी विचारलं, "खुर्ची देऊ?" त्या हसल्या आणि म्हणाल्या, "द्या."

मी शिक्षकांच्या खोलीत जाऊन बसलो. त्या मुलीच्या तीन वर्षांच्या उत्तरपत्रिका माझ्या डोळ्यांपुढे येत होत्या. बाकीची मुलं न कळलेलंही सवयीनं दडपून लिहितात आणि मी त्यांना निम्मे गुण देतो. ही जेवढं कळलं तेवढंच लिहून थांबायची. पुढे का थांबलीस, असं मी एकदाही विचारलं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ह्या वेळी मागोमाग राग आला नाही. पुढच्या चाचणीत तिनं चौथ्या ओळीखाली लिहिलं, 'इथपर्यंत येतं. पुढचं येत नाही.' त्या जागेपासून आम्ही दोघांनी सुरुवात केली.

पण त्या दुपारी मी फॉर्म उघडला. नवीन काही लिहिलं नाही. लाल ओळीपासून एक बाण काढला आणि तो शेजारच्या रकान्यात नेऊन सोडला. मग तो कागद मुख्याध्यापिकांपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावून वाचलं. "'शिक्षिका मुलांची एकही चूक स्वतः दुरुस्त करत नाहीत.' हे गुणांमध्ये?"

"हो."

"आधी उणिवांमध्ये होतं."

"ओळ बरोबर होती, जागा चुकली होती."

त्यांनी कागदावर सही केली. विषय राहिला. टेबल टेनिसचं टेबल आता व्हरांड्यात आहे आणि चेंडू सारखे जिन्यावरून खाली येतात.

"बाईंना दाखवलंत का हे?" त्यांनी विचारलं.

"त्यांनी पाहिलंय. दुसऱ्याच आठवड्यात, ते उणिवांमध्ये होतं तेव्हा."

"मग? काही म्हणाल्या नाहीत?"

"नाही," मी म्हणालो. "माझीही चूक त्यांनी दुरुस्त केली नाही."